दरात दडलेली दलाली

परदेशात पैसे पाठवून देणाऱ्या सेवांच्या जाहिराती एकदा नीट वाचून पाहाव्यात. शुल्काचा आकडा ठळक असतो: ‘शून्य शुल्क’, ‘फक्त पाचशे रुपये’, ‘पहिला व्यवहार मोफत’. दराबद्दल मात्र ‘आकर्षक दर’ याच्या पलीकडे काही नसतं. या व्यवहारात ग्राहक जी किंमत मोजतो तिचा मोठा हिस्सा दरात असतो आणि पावतीवर तो कुठेच छापलेला नसतो. तो छापला गेला पाहिजे, आणि त्यासाठी नवं काही शोधून काढायची गरज नाही, असं माझं म्हणणं आहे.

पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून पुष्कळ मुलं पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जातात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, म्हणून मध्यमवर्गीय घरांना तो देश परवडतो. पण व्हिसा हवा असेल तर वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे आधीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. बऱ्याच कुटुंबांच्या आयुष्यातला परदेशी पैसे पाठवण्याचा हा पहिलाच प्रसंग असतो, आणि रक्कम अशी की घरातल्या कोणीही तेवढी एका दिवसात, एका सहीने कधी खर्च केलेली नसते.

हिशेब सोपा जावा म्हणून धरू की त्या दिवशी बाजारात युरोचा भाव बरोबर १०० रुपये आहे. बाजारात म्हणजे जिथे बँका एकमेकींशी परकीय चलनाची घाऊक खरेदी-विक्री करतात तिथे. तिथल्या खरेदी आणि विक्रीच्या मधला हा भाव. या भावाने ११,९०४ युरोंचे ११,९०,४०० रुपये होतात. शाखेने लावलेला दर मात्र १०२ रुपये २० पैसे आहे. खात्यातून युरोंपोटी १२,१६,५८९ रुपये जातात. फरक २६,१८९ रुपयांचा.

फॉरेक्स डेस्कवरचं संभाषण साधारण असं होतं. मुलीचे वडील विचारतात, ‘मॅडम, चार्जेस किती लागतील?’ ‘हजार रुपये, काका. वर जीएसटी.’ ‘बस? एवढंच?’ ‘एवढंच.’ यात मॅडम खोटं काही बोललेल्या नाहीत. बँकेच्या तक्त्यात ‘परदेशी रेमिटन्स शुल्क’ या ओळीपुढे खरोखरच हजार रुपये लिहिलेले असतात. चलन बदलून देण्यावरचा वेगळा जीएसटी या रकमेवर १,०२९ रुपये होतो, हजारावरचे १८० धरले की दिसणारा सगळा खर्च २,२०९ रुपयांवर थांबतो. न दिसणारा खर्च त्याच्या जवळजवळ बारापट आहे. ‘दर काय लावलात आणि बाजारात काय आहे?’ हा प्रश्न काकांनी विचारलेला नसतो, कारण दर हा पेट्रोलच्या भावासारखा वरून ठरून येतो आणि शाखेच्या हातात काही नसतं, अशीच त्यांची समजूत असते.

त्या समजुतीत अर्धं खरं आहे. सकाळी बँकेची ट्रेझरी शाखांना दिवसभराचे दर पाठवते, त्याला ‘कार्ड रेट’ म्हणतात. परदेशी पाठवायच्या पैशाला त्यातला ‘टीटी सेलिंग’ दर लागतो. दिवसभरात भाव वरखाली झाला तरी बँकेला तोशीस लागू नये एवढी ऐस त्यात आधीच ठेवलेली असते आणि नफाही त्यातच असतो. मात्र हा दर सगळ्यांना लागत नाही. चाकणचा एखादा कारखानदार जर्मनीहून मशीन मागवतो तेव्हा त्याचा अकाउंटंट ट्रेझरीला फोन लावून त्या क्षणाचा दर मागतो, घासाघीस करतो, आणि बाजारभावावर काही पैसे देऊन सुटतो. तीच बँक, तोच दिवस, तोच युरो. कर्ज काढून मुलीला पाठवणारा बाप मात्र दर युरोमागे दोन रुपये वीस पैसे मोजतो, कारण ट्रेझरीचा दर मागता येतो हेच त्याला ठाऊक नसतं. मोठ्या गिऱ्हाइकाला सवलत मिळणं मी समजू शकतो. पण दोघांना लागलेल्या भावांतली दरी छोट्या गिऱ्हाइकाला कळूच नये, अशी व्यवस्था असणं मला मान्य नाही.

पैसे निघाल्यावर पुढे काय होतं तेही पाहायला हवं. ‘पैसे स्विफ्टने गेले’ असं आपण म्हणतो, पण स्विफ्टमधून पैसे जात नाहीत, निरोप जातो. १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली ही बँकांची सहकारी संस्था संदेश पोचवण्याचं काम करते. प्रत्यक्ष रक्कम वळती होते ती बँकांनी परदेशी बँकांत उघडून ठेवलेल्या ‘नॉस्ट्रो’ खात्यांमधून. आपल्या बँकेचं पैसे घेणाऱ्याच्या बँकेत थेट खातं नसेल तर मध्ये एखादी मध्यस्थ बँक येते आणि ती आपला आकार त्याच रकमेतून कापून घेऊ शकते. हा आकार कोणी सोसायचा हे फॉर्मवरच्या तीन अक्षरी पर्यायांतून ठरतं: ‘ओयूआर’ म्हणजे सगळा पाठवणाऱ्याने, ‘एसएचए’ म्हणजे आपापला दोघांनी, ‘बीईएन’ म्हणजे सगळा घेणाऱ्याने. त्यांतल्या कोणत्या चौकटीत बरोबरची खूण करायची हे शाखेत क्वचितच विचारलं जातं.

आता ११,९०४ युरो ‘एसएचए’ने निघाले आणि वाटेत २० युरो कापले गेले तर तिकडे ११,८८४ पोचतात. व्हिसासाठी लागणारा दाखला पूर्ण रक्कम जमा झाल्यावर मिळतो. मुलगी फोन करते, ‘बाबा, वीस युरो कमी पडलेत.’ व्हिसाच्या मुलाखतीची तारीख जवळ आलेली असते. बाबा पुन्हा शाखेत जातात, पुन्हा परदेशी रेमिटन्ससाठीचा ए-टू फॉर्म भरतात आणि दोन हजार रुपयांचे युरो पाठवण्यासाठी पुन्हा हजार रुपये आणि जीएसटी देतात. यातला सगळा मनस्ताप पहिल्या दिवशीच्या एका प्रश्नाने टळला असता.

अशा पालकांना कोणी अडाणी म्हणू लागलं की मला राग येतो, कारण या विषयातलं शहाणपण शिक्षणातून येत नाही. दुबईत काम करणाऱ्या खेड-चिपळूणच्या, म्हसळा-श्रीवर्धनच्या माणसांकडे पाहा. त्यांतले अनेक जण दहावीच्या पुढे शिकलेले नाहीत. पण ‘आज दिरहमला काय भाव?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या जिभेवर असतं, तेही पैशासकट. पगार झाला की देराच्या रस्त्यांवर एक्स्चेंज हाउसचे फलक पाहत फिरायचं, दोन दुकानांतला पाच पैशांचा फरक हेरायचा, भाव चढेल असं वाटलं तर दोन दिवस थांबायचं, हे तिथे रोजचं आहे. दिरहमचा हिशेब तसा सोपाही आहे, कारण १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर कायम आहे. डॉलर ८८ रुपयांना असेल तर ८८ ला ३.६७२५ ने भागायचं: २३ रुपये ९६ पैसे. खिडकीवर २३.८० मिळत असतील तर दोन हजार दिरहममागे सव्वातीनशेच्या आसपास रुपये गेले, हे तिथलं पोरगं उभ्या उभ्या सांगतं. म्हणजे पाऊण टक्क्याहूनही कमी. आमच्या सांगलीच्या काकांनी सव्वादोन टक्क्यांच्या आसपास मोजले आणि वर शून्य शुल्काची सेवा शोधली नाही म्हणून हळहळले.

फरक कशाने पडला? दुबईचा माणूस हा व्यवहार दर महिन्याला करतो, शेजाऱ्याशी बोलतो, आणि समोर दराचा फलक असतो. काका तो एकदा करतात, मुदतीच्या टाचेखाली करतात, आणि तुलना करायला समोर काहीच नसतं. बाजार आपोआप ग्राहकाचं भलं करतो असं म्हणणाऱ्यांनी या दोन रांगा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. स्पर्धेने किंमत उतरते हे खरंच आहे, आखाती मार्गावर ती उतरलीच. पण ती उतरली, कारण किंमत दिसत होती. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या रकमांमध्ये महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के निघाला, केरळच्याही किंचित पुढे. पैसे येण्याचा अनुभव आपल्याकडे एवढा मोठा आहे. जाण्याच्या बाजूला त्यातलं काहीच झिरपलेलं नाही.

आता बँकांची बाजू. ग्राहकाची ओळख तपासणं, पैसा कुठून आला हे पाहणं, फेमा या परकीय चलन कायद्याखालचे अहवाल भरणं, परदेशी खात्यांत शिल्लक अडकवून ठेवणं, याला खर्च येतो आणि तो ग्राहकाकडून घ्यावा यात गैर काही नाही. पण हा खर्च व्यवहारामागे असतो. दोन लाख पाठवा की बारा लाख, ए-टू फॉर्म एकच, तपासणी तीच, संदेशही तोच. मग आकारणी टक्क्यांत का? भावाच्या चढउताराची जोखीम रकमेबरोबर वाढते हे मान्य, पण ग्राहकाने सही केल्यावर बँक लगोलग बाजारातून युरो घेऊ शकते. त्या काही मिनिटांच्या जोखमीचा मोबदला दोन टक्के होत नाही. आणि समजा होतही असला, तरी तो लिहून दाखवायला हरकत काय? बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावरही सर्व करांसह किंमत छापणं आपल्या देशात बंधनकारक आहे. बारा लाखांच्या व्यवहारात ती छापलेली नसते.

यावर एक उत्तर नेहमी येतं: ‘दर क्षणाक्षणाला बदलतो, मग तुलना कशाशी करणार?’ हे उत्तर टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे आपल्याच कर कायद्यात लिहिलेलं आहे. केंद्रीय जीएसटी नियम २०१७ मधला नियम ३२ पाहा. चलन बदलून देण्याच्या सेवेचं मूल्य कसं काढायचं? नियम म्हणतो: ग्राहकाला लावलेला दर आणि रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर यांतला फरक काढा आणि त्याला चलनाच्या एककांनी गुणा. हेच त्या सेवेचं मूल्य. म्हणजे आपल्या उदाहरणातले २६,१८९ रुपये ही सेवेची किंमत आहे, हे सरकारने तत्त्वतः कधीच मान्य केलेलं आहे. त्यावर १८ टक्क्यांनी ४,७१४ रुपये कर झाला असता. पण त्याच नियमात दुसरा पर्याय दिला आहे: फरक मोजायचा नसेल तर रकमेवर ठरावीक टक्के लावा. एक लाखापर्यंत १ टक्का आणि किमान २५० रुपये. दहा लाखांपर्यंत १,००० रुपये आणि लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का. त्यापुढे ५,५०० रुपये आणि दहा लाखांवरच्या रकमेचा ०.१ टक्का, मात्र एकूण ६०,००० च्या वर नाही. वरचे १,०२९ रुपये या दुसऱ्या सूत्राने काढलेल्या मूल्यावर १८ टक्क्यांनी आले.

या पर्यायाने ग्राहकाचा कर वाचतो, ही त्याची चांगली बाजू. पण त्याचा दुसरा परिणाम असा की पावतीवर जीएसटीची ओळ दिसते आणि ज्या किमतीवर तो कर आहे ती किंमत दिसत नाही. सूत्र कायद्यात आहे, संदर्भ दर २०१८ पासून एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या प्रत्येक दिवशी जाहीर करते, बँकेच्या संगणकात दोन्ही आकडे असतात. मधली वजाबाकी तेवढी ग्राहकापर्यंत येत नाही.

इतर देशांनी हे करून दाखवलं आहे. अमेरिकेत २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यातून आलेला रेमिटन्स नियम ऑक्टोबर २०१३ पासून लागू आहे. पैसे घेण्याआधी दर, शुल्क आणि पलीकडच्या माणसाच्या हातात पडणारी रक्कम लेखी सांगावी लागते, आणि साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत व्यवहार रद्द करता येतो. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमाने कार्डाच्या व्यवहारांत चलनबदलाचा आकार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरावरच्या टक्केवारीत सांगणं बंधनकारक केलं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत स्थलांतरितांच्या रेमिटन्सचा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणायचं ठरलं आहे, आणि तो खर्च मोजताना जागतिक बँक शुल्काबरोबर दरातला फरकही धरते. रिझर्व्ह बँकेलाही हे कळत नाही असं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेला ‘एफएक्स-रिटेल’ हा मंच छोट्या ग्राहकाला घाऊक बाजारातला डॉलरचा भाव मिळावा याचसाठी आहे. पण माझ्या ओळखीतल्या एकाही पालकाला शाखेने आपणहून त्याचं नाव सांगितलेलं नाही. ज्याच्या नफ्याला कात्री लागणार त्यानेच दार दाखवावं, ही अपेक्षा फळणार नव्हती.

लोकांचा राग भलतीकडेच निघतो तो टीसीएसवर, म्हणजे पैसे पाठवतानाच गोळा होणाऱ्या प्राप्तिकरावर. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी पाठवलेल्या रकमेवर हा कर गोळा होऊ लागला, २०२३ मध्ये शिक्षण आणि उपचार सोडून इतर कारणांसाठी तो २० टक्क्यांवर गेला, तेव्हा घराघरांत ओरड झाली. ओरड रास्त होती, कारण पैसे अडकून पडतात. पण टीसीएस हा खर्च नाही. तो पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो, प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत दिसतो, आणि विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत तो लागतच नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेला पूर्ण सूट आहे. इथे जपायचं ते पर्पज कोडला: शिक्षणासाठीचा पैसा दुसऱ्याच कारणाखाली नोंदला गेला तर टीसीएसचा दर बदलतो. परत मिळणाऱ्या पैशावर आपण भांडतो आणि कायमच्या गेलेल्या २६ हजारांबद्दल ब्र काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

विनिमय दराचा प्रश्न नफा कोणाच्या खिशात जातो याचा प्रश्न असतो, हे डॉ. आंबेडकरांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १९२३ मध्ये लंडनला त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झाला आणि पुढे चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. रुपया एक शिलिंग चार पेन्सचा असावा की सहा पेन्सचा, या वादात व्यापारीवर्ग दर खाली असावा म्हणून देशहिताची भाषा करत होता. अशा फायद्याची भरपाई देशातलाच मजुरीवर जगणारा माणूस महागाईतून करतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. तो वाद देशाच्या दराचा होता, इथला शाखेतल्या दराचा आहे. पण दराकडे पाहताना ‘हे कोण देतंय आणि कोणाला?’ असं विचारण्याची शिस्त दोन्हीकडे तीच लागते.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. हवाला बेकायदा आहे. त्यात पैसा बुडाला तर दाद मागायला जागा नाही आणि तो पैसा कोणाच्या काळ्या धंद्याला मिळतो ते कळत नाही. तरीही तो मेला नाही. त्याची कारणं अनेक आहेत, पण एक हेही आहे की हवालावाला एकच आकडा सांगतो: इथे एवढे द्या, तिथे एवढे मिळतील. कायदेशीर मार्गाने जाणाऱ्याला शुल्क, जीएसटी, मध्यस्थ बँकेची कपात आणि दरातला फरक असे चार तुकडे स्वतः जोडावे लागतात, त्यातला एक तर कोणी सांगतच नाही. प्रामाणिक माणसाला कायद्याच्या वाटेवर ठेवायचं असेल तर त्या वाटेवरही एकच आकडा मिळाला पाहिजे.

तोवर शाखेत गेल्यावर ‘चार्जेस किती?’ हे विचारू नये. विचारावं ते असं: ‘तिकडच्या खात्यात बरोबर ११,९०४ युरो पडायला हवेत. माझ्या खात्यातून सगळं मिळून किती रुपये जातील?’ हाच प्रश्न त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, दोन-तीन ठिकाणी विचारावा. बाजार बंद असताना, म्हणजे शनिवार-रविवारी, दर घेऊ नये; सोमवारच्या अनिश्चिततेची किंमत त्यात मिसळली जाते. रक्कम मोठी असेल तर ट्रेझरीचा दर मागावा. हे मागणं म्हणजे मेहेरबानीची विनंती नाही, बँकेच्या नित्याच्या कामाचा तो भाग आहे. सहलीला गेल्यावर परदेशी दुकानातल्या मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ असं विचारलं तर स्थानिक चलन निवडावं. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो.

पण हा सल्ला देताना मला समाधान वाटत नाही. प्रत्येक बापाने एका व्यवहारासाठी परकीय चलनाचा अभ्यास करावा, ही अपेक्षा चुकीची आहे. ए-टू फॉर्मवर सहीच्या वर एक ओळ वाढवावी: संदर्भ दर अमुक, तुम्हाला लावलेला दर तमुक, फरकाची रक्कम इतके रुपये. सूत्र नियम ३२ मधलं, आकडे बँकेच्याच संगणकातले. रिझर्व्ह बँकेने एका परिपत्रकाने ही ओळ प्रत्येक बँकेला आणि प्रत्येक अ‍ॅपला बंधनकारक करावी, ‘शून्य शुल्क’ म्हणणाऱ्यांना सर्वांत आधी. ती वाचून काका उठून समोरच्या बँकेत गेले तर जाऊ द्यावेत. त्यांच्या उदाहरणातल्या २६,१८९ रुपयांचे बाजारभावाने २६२ युरो होतात, आणि महिना ९९२ च्या हिशेबाने त्यांत मुलीचा तिथला आठवडाभराचा खर्च निघतो.